तालीम चालू आहे, पत्र जाणार नाही

बिंदुमाधव मुळ्येला आमच्या दुर्गाघाटावर तीन नावं होती. घरात बिंदू, भदोहीच्या गालिचेवाल्या शेठकडे मुळ्येजी, आणि तिसरं मी ठेवलेलं, पाचशे नंबर. त्याचा प्रोग्राम फसला की पडद्यावर म्हणे फक्त पाचशेचा आकडा यायचा. का फसला, कुठे फसला, काही नाही. सकाळी तो बस पकडायला गल्लीतून निघाला की मी चबुतऱ्यावरून विचारायचो, “काय रे, आज किती?” तो मान खाली घालून म्हणायचा, “पाचशेच, नाना.” त्याचा चेहराच असा होता की चिडवल्याशिवाय राहवत नसे. अडतीस वर्षांचा, बिनलग्नाचा, उभा असला तरी कुणाची तरी माफी मागत असल्यासारखा.

ब्रह्माघाटावर त्याला लहानपणी वेदपाठाला घातला होता. तिथून वेणीमाधव गुरुजींनीच परत पाठवला. पोरगा ऋचा म्हणण्याआधी “असंच का?” म्हणून विचारी. पुढे भदोहीला शेठच्या ऑफिसात कम्प्युटर आला, त्याच्याबरोबर ईमेल आली, आणि त्या यंत्राने बिंदूच्या सगळ्या ‘का’ला उत्तरं दिली. शेठचे गालिचे परदेशी लोकांना पडद्यावर दाखवायचं काम त्याने पुस्तकं वाचून वाचून केलं. एक जुनं यंत्र घरीही आणून ठेवलं.

घरात माणसं दोन. बिंदू आणि त्याची वहिनी शरदिनी.

आता या दोघांवर मोहल्ल्यात काय काय बोललं गेलं असेल ते तुम्हाला सांगायला नको; त्यातलं निम्मं माझ्याच चबुतऱ्यावर बोललं गेलं. पण खरं सांगायचं तर बोलण्यासारखं तिथे काही नव्हतं. बिंदूचा थोरला भाऊ उल्हास मुगलसरायला रेल्वेच्या मालगोदामात कारकून होता. शहाऐंशी सालच्या मार्गशीर्षात सकाळी डबा घेऊन ड्यूटीवर गेला, तो आलाच नाही. डबाही आला नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, वर्तमानपत्रात फोटो झाला. कुणी म्हणे हरिद्वारला भगव्यात दिसला. कुणी म्हणे जबलपूरला दुसरा संसार थाटलाय, एक मुलगीही आहे. शरदिनी ग्वाल्हेरची, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, मूलबाळ नाही. माहेरचे न्यायला आले तर म्हणाली, “ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?” तेव्हापासून रोज कुंकू लावायचं, मंगळसूत्र घालायचं, आणि बिंदूबरोबर आणखी एका माणसापुरता तांदूळ जास्त घालायचा. शास्त्र असं की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. नाही आला तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि मग त्याला गेलेला म्हणायचं. आमच्या घरी दर नवरात्रात ललितापंचमीला शरदिनी सवाष्ण म्हणून जेवायला असे. माझी बायको मुक्ता तिची ओटी भरायची. तिला तिच्या हक्काने मिळणारं तेवढंच काय ते वर्षाकाठी उरलं होतं.

वेणीमाधव गुरुजींनी बिंदूला कामाला लावलं ते सत्त्याण्णव साली. गुरुजींचे यजमान पुण्याहून उठून टोरांटो नि न्यू जर्सीला गेलेले. त्यांना पितृपक्षात वडिलांचं श्राद्ध काशीत करून हवं. पत्राला महिना लागे, तोवर तिथी निघून जाई. बिंदूने अमेरिकेतल्या भाड्याच्या यंत्रावर एक फॉर्म ठेवला. गेलेल्याचं नाव, त्याच्या बापाचं, आज्याचं, गोत्र, तिथी, पाठवणाऱ्याचं नातं नि पत्ता. यजमानाने तिकडे भरायचा, की त्याचं ईमेलने पत्र होऊन इकडे चौकात कुशल पटवर्धनच्या कम्प्युटरच्या दुकानात उतरायचं. बिंदू दिवसभर भदोहीला, म्हणून कुशल ते छापून गुरुजींकडे धाडायचा. घाटावर संकल्प व्हायचा. काम झालं की छापील पोस्टकार्ड जायचं, अमक्या तिथीला अमक्याचं श्राद्ध यथासांग झालं म्हणून.

पहिलं वर्ष बरं गेलं. अठ्ठ्याण्णवचा पितृपक्ष लागला आणि गुरुजी तणतणत आमच्या गल्लीत आले.

“बिंदू! तुझ्या यंत्राने टोरांटोच्या माणसाच्या आज्याला बाप केला रे! मी पिंड दिला. आता त्याचा खरा बाप तिथे ताटकळत बसला असेल!”

“गुरुजी, ते भरणाऱ्याने उलटं...”

“नाही. मी फोन केला त्याला. त्याने सुलटं भरलंय. मधेच कुठेतरी उलटतं.”

मधेच कुठेतरी! बिंदूची सगळी पंचाईत तीच होती. नावं एका टोकाने आत जात, दुसऱ्या टोकाने पत्र बाहेर पडे, आणि मधे काय चालतं ते दिसत नसे. मग त्याने एक सोय करायला घेतली. प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ. त्या ओळीत एकचा आकडा लिहिला की प्रोग्राम बोलका होई: हे नाव घेतलं, इथे ठेवलं, हा बाप, हा आजा, आता पत्र जुळवतो. सगळं पडद्यावर ओळीने सांगायचं, पण पत्र मात्र पाठवायचं नाही. शून्य लिहिलं की पुन्हा मुका आणि खरा. इंग्रजीत त्याला डीबग म्हणतात. बिंदू तालीम म्हणायचा.

गुरुजींना ते त्याने त्यांच्याच भाषेत सांगितलं, मी तिथेच बसलो होतो. “गुरुजी, तुम्ही पोरांना श्राद्धाचा प्रयोग शिकवता तेव्हा सगळं करवून घेता. पाट, दर्भ, पिंडसुद्धा. फक्त संकल्प सोडू देत नाही. आणि नावाच्या जागी म्हणता, अमुकगोत्र, अमुकशर्मा. तसंच.”

गुरुजी खूश. “वेदपाठातून तुला उगीच घालवला रे.”

आता तो ‘अमुक’च टाकून बसला असता तर मला हे लिहायचं कारण पडलं नसतं. टाकायला गेला होता. पण आदल्या वर्षी कुणीतरी गोत्राच्या जागी आपल्या कंपनीचं नाव भरलं होतं, म्हणून बिंदूनेच त्यात गोत्रांची यादी घालून पहारा बसवला होता. अमुक नावाचं गोत्र यादीत नाही. यंत्राने अमुकला दारातच अडवलं.

म्हणजे खरं नाव हवं, तीन पिढ्यांसकट. दुसऱ्या कुणी आपलं स्वतःचं टाकलं असतं, शेजाऱ्याचं टाकलं असतं. पण बिंदू आमच्या घाटावरचा. जिवंत माणसाचं नाव पितरांच्या रकान्यात लिहायला त्याचा हात धजेना. गेलेल्याचं लिहावं तर पितृपक्ष सुरू झालेला. नाव घेतलं की पितर पानाशी येतो, आणि तालमीत कसलं आलंय पान? उपाशी परत जायचा. जिवंत नको आणि मेलेला नको. असं एकच नाव त्याला ठाऊक होतं. त्याने उल्हासचं नाव लिहिलं. खाली बापाचं, आज्याचं, घरचं गोत्र. हरवल्याची तिथी. नातं: भाऊ. पत्ता: दुर्गाघाट, वाराणसी.

प्रोग्रामचे तुकडे होते दोन. पहिला नावं घेऊन लावायचा, दुसरा पत्र धाडायचा. बोलण्याच्या ओळी पहिल्यात, पत्र रोखण्याची ओळ दुसऱ्यात. फोनवरून इंटरनेट जोडायला लखनौचा नंबर फिरवून त्याने सकाळी दोन्ही अमेरिकेला चढवायला घेतले. पहिला चढला. दुसऱ्याच्या वेळी लाइन कटली. पुन्हा जोडली तेव्हा भदोहीच्या बसची वेळ झालेली. पहिला चढलेला दिसला, तर दुसराही चढला असेल असं त्याने धरलं. उल्हासचं नाव भरून बटण दाबलं. पडद्यावर झरझर ओळी उतरल्या, आणि कुठल्या ओळीत आज्याला बाप केला जातोय ते त्याला सापडलं. शेवटी त्यानेच लिहिलेलं वाक्य आलं: तालीम चालू आहे, पत्र जाणार नाही.

पत्र गेलं. त्या वाक्याच्या मागेच गेलं.

कुशलने दुसऱ्या दिवशी यादी न वाचताच छापली. गुरुजींनी पंधरवड्यापुरते दोन भटजी नाशिकहून बोलावले होते, यादी थेट त्यांच्या हाती पडली. त्यांना उल्हास कोण, मुळ्ये कोण, काही माहीत नाही. यादीतलं नाव वाचायचं, पिंड द्यायचा, गंगेत सोडायचा, कार्डावर नाव भरून पेटीत टाकायचं. एवढंसुद्धा कुणाच्या मनात आलं नाही की दुर्गाघाटाच्या माणसाने घाटाच्या पायऱ्या उतरून यायचं सोडून अमेरिकेहून निरोप का पाठवला.

आठ दिवसांनी, घटस्थापनेच्या सकाळी, पोस्टमन माझ्याकडे आला. पोस्टातून रिटायर झालो तरी ती मंडळी मला अजून मानतात. “नानाजी, मुळ्येजी के यहाँ ताला है, ई रख लीजिए.” शरदिनी देवीच्या दर्शनाला गेली होती. पोस्टकार्ड होतं. आता पोस्टकार्ड वाचायचं नाही म्हणजे काय करायचं? तीस वर्षं सॉर्टिंगमध्ये मी काशीतली सगळी लग्नं नि सगळी भांडणं कार्डावरच वाचली. वाचलं. *कै. उल्हास त्र्यंबक मुळ्ये यांचे श्राद्ध श्रीगंगातटी यथासांग संपन्न झाले.*

मी ते पंचांगात घातलं. बिंदूला विचारायला हवं होतं. त्याऐवजी मुक्ताला सांगितलं. “कुणाला बोलू नकोस,” असंही म्हणालो. म्हणजे तिने दोघींनाच सांगितलं असेल. आम्हाला वाटलं, बिंदूने भावाचं चोरून उरकलं. बारा वर्षं भरायला दोन-तीन महिने उरलेत तेवढा धीर धरवला नाही. की काही खबर आली आणि वहिनीला सांगायची छाती झाली नाही? चबुतऱ्यावर या प्रश्नाचे फार चविष्ट तुकडे पडले. मीही चघळले.

ललितापंचमीला मुक्ताने दुसरी सवाष्ण बोलावली.

बारा वाजता पानं वाढली आणि दारात शरदिनी उभी. इरकली नेसलेली, कपाळभर कुंकू, हातात फुलं. तिला वाटलं बोलावणं सांगायचं राहून गेलं. हसत म्हणाली, “मुक्ताकाकू, यंदा माझं पान विसरलात होय? बरं झालं मीच आले. अठरा वर्षांची सवय, पाय थांबेनात.”

मुक्ताच्या हातात वरणाचं भांडं होतं. ते तसंच धरून ती रडायला लागली. मग मी उठलो, पंचांग आणलं, आणि कार्ड तिच्या हातात दिलं. दुसरं काय करता आलं असतं ते मला आजही सुचत नाही.

तिने उभ्यानेच वाचलं. उलटून पत्ता पाहिला. पुन्हा वाचलं. मग मला विचारलं, “नाना, तिथी कुठली धरली हो?”

“खाली बारीक अक्षरांत आहे बघ. ड्यूटीवर गेला ती.”

“हं.” हातातली फुलं तिने देवीपुढे ठेवली आणि गेली.

संध्याकाळी बिंदू भदोहीहून आला तेव्हा मी त्यांच्या दारात बसलो होतो. आत कार्ड चुलीशेजारी ठेवलेलं. त्याने ते वाचलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. यंत्राकडे गेला नाही. कुठली ओळ राहिली ते त्याला बसल्या जागीच कळलं होतं.

“दुसरा तुकडा चढलाच नाही,” तो म्हणाला. “वहिनी, मी फक्त बघत होतो. खरं नव्हतं ते. पत्र जाणारच नव्हतं.”

“पण नाव यांचंच का हो, भावजी?” ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

त्याने सांगितलं. जिवंत माणसाचं घालवेना. गेलेल्याचं घालावं तर तो जेवायच्या आशेने यायचा. “मधलं असं एकच नाव होतं, वहिनी.”

लाटणं थांबलं. “बारा वर्षं मला कळत नव्हतं, ते आहेत तरी कुठे,” ती म्हणाली. “तुम्ही बरोबर जागा सांगितलीत.”

मी तिथून उठलो. टिंगल करायला टिंगलीजोगा माणूस लागतो, आणि त्या घरात त्या वेळी तसं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वेणीमाधव गुरुजी स्वतः आले, काठी टेकत. त्यांना हे कळल्यापासून अन्न गेलं नव्हतं. पायरीवर बसून त्यांनी निर्णय सांगितला: ज्याला अग्नी नाही त्याला श्राद्ध नाही. कर्त्याने सांगितलेलं नाही, संकल्पात त्याची इच्छा नाही. “झालं ते भाताचा गोळा पाण्यात टाकणं. मासे जेवले. शरदिनी, तू सौभाग्यवती आहेस, होतीस, कुणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव.” बोलताना माझ्याकडे पाहिलं.

मुक्ता अष्टमीचं बोलावणं घेऊन शरदिनीकडे पळाली. शरदिनीने कुंकू लावून घेतलं, मुक्ताला लावलं, आणि म्हणाली, “येते की नाही ते सांगते. आधी नानांशी बोलायचंय.”

ती आली, चबुतऱ्याखाली उभी राहिली. माझ्याबरोबर बसलेले चौघे उठून गेले.

“नाना, जबलपूरचं खरं होतं का?”

मी म्हणालो, “कसलं जबलपूर?”

“यांना तिथे बघितल्याचं. संसार आहे म्हणून. मुलगी आहे म्हणून. मला राग नाही आला कधी. मी मनात त्या मुलीचं नावसुद्धा ठेवलंय.” तिने नजर हलवली नाही. “तुमच्याकडून निघालं असं म्हणतात. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

कुणीही नाही. सत्त्याऐंशीच्या होळीत, भांगेच्या गप्पांत, सगळे उल्हास कुठे असेल म्हणून तर्क लढवत होते, आणि मी जबलपूर म्हणालो, कारण मला जबलपूरचा खवा आठवला. मुलगी नंतर घातली, गोष्ट रंगावी म्हणून. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढे तर मलाही ती थोडी खरी वाटू लागली होती.

“मी जोडलं होतं ते, पोरी,” मी म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. “मग अष्टमीला नको,” ती म्हणाली. “काकूंना सांगा, उगीच पान वाया जायचं.”

बिंदूने पुढच्या पंधरवड्यात तालमीची सोय पुन्हा पहिल्यापासून बसवली. दोन्ही तुकड्यांत एकच ओळ वाचली जाईल असं केलं. ती ओळ सापडली नाही तर पत्र जायचंच नाही, असं ठेवलं. गोत्रांच्या यादीत सर्वांत वर अमुकगोत्र घातलं. तालीम चालू असेल तर पडद्याला वरपासून खालपर्यंत लाल पट्टी. मला दाखवलं त्याने. पाचशे नंबर म्हणायचं मी सोडलं होतं, आणि त्याने ते ओळखलं होतं. त्याला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं असं दिसलं.

“नाना,” तो म्हणाला, “आधी हेच करायचं असतं. पुस्तकात पहिल्याच प्रकरणात लिहिलंय. खऱ्या यंत्रावर, खऱ्या नावाने, कधीच बघायचं नाही.”

“घाई होती तुला.”

“बसची,” तो म्हणाला.

मार्गशीर्षात बारा वर्षं भरली. शरदिनीने बिंदूला सांगितलं, पुतळ्याचा विधी करायचाय, तुम्ही बसा.

“माझ्याने नाही होणार, वहिनी. माझ्या हातून एकदा झालंय.”

“एकदा चुकून केलंत,” ती म्हणाली. “आता नीट करा.”

पळसाचे देठ गुरुजींनी मिर्झापूरहून मागवले. तीनशे साठ मोजून घेतात, डोक्याला इतके, गळ्याला इतके, हाताला इतके. ते बांधून काळविटाच्या कातड्यावर माणूस निजवतात. नारळाचं डोकं. पाहणाऱ्याला हसू यावं असं ते दिसतं, आणि कुणाला येत नाही. बिंदू ओल्या धोतराने कुडकुडत बसला. शरदिनी घाटावर आली होती. आमच्यात बायका येत नाहीत, पण तिला थांबवायला कुणी पुढे झालं नाही. वरच्या पायरीवर मुक्ताशेजारी बसली, कुंकू लावून. ते शेवटचं.

गुरुजींनी बिंदूच्या हातात दर्भ दिले. “नाव घे.”

बिंदूच्या ओठांची हालचाल दिसली, आवाज आला नाही.

“नाव घे, बिंदू. कर्त्याने घ्यायचं असतं. मी घेऊन चालत नाही.”

तो पुतळ्याकडे पाहत होता. अंगठ्याने दर्भ कुस्करत होता. गुरुजी थांबले. गंगेवर धुकं होतं, पलीकडचा काठ नव्हताच. मला वाटलं हा उठून जाणार.

“उल्हास त्र्यंबक मुळ्ये,” वरून आवाज आला.

मी त्यांचा जन्माचा शेजारी. लग्नात घास भरवताना शरदिनीने घेतलं असेल तेवढंच. तिच्या तोंडून हे नाव त्यानंतर कुणी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, पोलिसांत तक्रार लिहिताना तिने पाटीवर लिहून दिलं होतं. गुरुजींनी मागे वळून पाहिलं नाही. म्हणाले, “पुन्हा.”

“उल्हास त्र्यंबक मुळ्ये.”

“तिसऱ्यांदा.”

तिसऱ्या वेळी बिंदूचा आवाज तिच्या आवाजात शिरला. आधी चिरका, मग सरळ. ती मधेच थांबली, आणि आडनाव त्याने एकट्याने घेतलं.